‘अल्बम तयार आहे, फक्त तारीख बाकी’: जुन्याच फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

दर काही महिन्यांनी तोच मजकूर नव्याने फिरायला लागतो. रॉकस्टारचं नाव तेवढं बदललेलं असतं. गाभा असा:

“अल्बम पूर्ण झालाय. तो स्वतःच मुलाखतीत म्हणाला. गाण्यांची यादी फुटली आहे. नोंदींमध्ये पुरावा सापडलाय. दुकानांनी तारीखही लावली. एक क्लिप तर आम्ही कानांनी ऐकली. कंपनी मुद्दाम दाबून बसलीये. अफवा म्हणून हसू नका, अशा बातम्या शेवटी खऱ्याच ठरतात. आणि नाही ठरल्या, तरी कुणाचं काय बिघडलं?”

अफवांशी माझं वैर नाही. आवडत्या माणसाच्या पुढच्या गाण्यांबद्दल कुजबुजणं हा चाहतेपणाचा निम्मा आनंद आहे. अशा मजकुरात एखादा तुकडा खरा असतो, हेही मान्य. भांडण आहे ते त्या तुकड्यावरून गाठलेल्या स्वर्गाशी. एकेक दावा घेऊ.

“तो स्वतःच म्हणाला”

हा पुरावा सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि सगळ्यांत कच्चाही हाच. द क्युअर या इंग्लिश बँडच्या गायकाने, रॉबर्ट स्मिथने, २०१९ मध्ये सांगितलं होतं की नवा अल्बम हॅलोविनच्या आधी आणायचा विचार आहे. हॅलोविन आला आणि गेला. २०२२ मध्ये त्याने अल्बमचं नावसुद्धा जाहीर केलं, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’, आणि ऑक्टोबरमध्ये युरोपचा दौरा सुरू होण्याआधी तो येईल असं म्हणाला. दौरा सुरू झाला. नवी गाणी स्टेजवर वाजली, लोकांनी ती फोनवर टिपली, शब्द पाठ केले. अल्बम हातात पडला १ नोव्हेंबर २०२४ रोजी, आधीच्या अल्बमनंतर सोळा वर्षांनी. आता यात स्मिथ खोटं बोलला असं कोण म्हणेल? बोलताना त्याला तसंच वाटत असणार. पण त्याचं वाटणं म्हणजे वेळापत्रक नव्हे.

संगीतकार ‘झालाय’ म्हणतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं, हे कुणी विचारत नाही. गाणी लिहून झाली असतील. ड्रम आणि बेस रेकॉर्ड होऊन गायन बाकी असेल. गायन होऊन मिक्स बाकी असेल. मिक्स झालं असेल आणि आठवड्याने पुन्हा ऐकल्यावर तीन गाणी नकोशी वाटली असतील. त्यानंतर मास्टरिंग (आवाजाचा शेवटचा हात), गाण्यांचा क्रम, मुखपृष्ठ, कुणाच्या सुरावटीचा तुकडा वापरला असेल तर त्याची परवानगी. विनाइलची तबकडी काढायची असेल तर लॅकर, म्हणजे पहिली मूळ तबकडी, कापायची, त्यावरून धातूचे साचे करायचे आणि प्रेसिंगच्या कारखान्यात रांगेत उभं राहायचं. २०२१च्या सुमाराला ही रांग कित्येक महिन्यांची झाली होती. या प्रवासातल्या कुठल्याही थांब्यावर उभं राहून माणूस खरेपणाने ‘झालाच बरं का’ म्हणू शकतो. शिवाय ‘नवा अल्बम कधी?’ हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत येतो, आणि ‘जवळजवळ झालाय’ एवढं म्हटलं की पत्रकार पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लवलेस’ हा अल्बम १९९१चा. त्यानंतरचा अल्बम २ फेब्रुवारी २०१३ रोजी आला. मधल्या काळात बँडच्या केव्हिन शील्ड्सने काम चालू असल्याचं अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी कुणीतरी ‘या वर्षी नक्की’ अशी हाकाटी केली.

कधी कधी तर सरळ फिरकी असते. ओॲसिस हा इंग्लिश बँड पुन्हा एकत्र आल्यावर त्याच्या गायकाने, लिअम गॅलाघरने, एक्सवर अल्बम झालाय असं लिहून टाकलं. नंतर मॅनेजरने सांगितलं की नव्या संगीताची काही योजना नाही. २०२५चा अख्खा दौरा अल्बमशिवाय पार पडला. लिअमला लोकांची मजा घ्यायला आवडतं, हे त्याच्या चाहत्यांना मी सांगायला नको.

“गाण्यांची यादी फुटली आहे”

बनवायला सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणजे ट्रॅकलिस्ट. बारा ओळी, दोन-तीन गूढ शब्द, एक इंटरल्यूड, शेवटचं गाणं नऊ मिनिटांचं. झालं. चाहत्याला आपल्या लाडक्या बँडची शब्दकळा तोंडपाठ असते, त्यामुळे खोटी यादी करणारा आणि ती खरी मानणारा दोघेही त्याच वर्गात शिकलेले असतात.

यादी बँडनेच दिली असेल तर? तरीही थांबा. २००१ मध्ये टूल या अमेरिकन बँडने नव्या अल्बमचं नाव ‘सिस्टेमा ऑन्सेफाल’ असल्याचं सांगून बारा गाण्यांची यादी जाहीर केली. तो नॅपस्टरचा, म्हणजे इंटरनेटवर गाणी फुकट वाटून घेण्याचा, काळ होता. लोकांनी ती नावं शोधायला सुरुवात केली. महिन्याभराने बँडने सांगितलं की नाव ‘लॅटरलस’ आहे आणि आधीची यादी चोरून गाणी उतरवणाऱ्यांना चकवण्यासाठी होती. याच बँडने २००५च्या एक एप्रिलला वेबसाइटवर जाहीर केलं होतं की गायक मेनार्ड जेम्स कीननला येशू भेटला आहे आणि त्यामुळे अल्बमचं काम लांबणार. काही वार्ताहरसुद्धा त्याला फसले. ‘अधिकृत सूत्र’ या शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनी टूलच्या चाहत्यांशी एकदा बोलावं.

मग छापील यादी? बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ‘स्माइल’चं उदाहरण त्याहून बोलकं आहे. कॅपिटॉल कंपनीने १९६७च्या सुरुवातीला या अल्बमची चार लाखांहून जास्त मुखपृष्ठं छापून ठेवली होती. मागच्या बाजूला बारा गाण्यांची यादी होती आणि शेजारी सूचना, की योग्य क्रमासाठी तबकडीवरचं लेबल पाहावं. ते लेबल असलेली तबकडी आलीच नाही. यादीसुद्धा बँडची गाणी रचणाऱ्या ब्रायन विल्सनच्या हस्ताक्षरातली नव्हती, आणि त्याच्या डोक्यातला क्रम तोवर पक्का नव्हता. २००४ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने ‘स्माइल’ पूर्ण करून आणला, तेव्हा रचना छापील यादीपेक्षा पुष्कळ वेगळी निघाली. कंपनीच्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या कागदाची ही गत, तर स्क्रीनशॉटची काय कथा?

“नोंदींमध्ये पुरावा सापडलाय”

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे चाहते खरोखर मेहनत करतात. आणि इथला पुरावा बनावट नसतो.

दोन प्रकारच्या नोंदी शोधल्या जातात. पहिली गाण्याची नोंद. अमेरिकेत गाणी लिहिणाऱ्यांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या ॲस्कॅप आणि बीएमआय या संस्थांच्या यादीत कुणीही शोधू शकतं: गाण्याचं नाव, लिहिणाऱ्यांची नावं, प्रकाशक. पण ही नोंद रचनेची असते, रेकॉर्डिंगची नव्हे. उद्या ते गाणं कुठेही वाजलं तर रॉयल्टी कुणाकुणाला जायची, एवढ्यासाठी ती केलेली असते. दुसऱ्या गायकासाठी लिहिलेलं, सिनेमासाठी दिलेलं, कुणाबरोबर तरी एका दुपारी बसून केलेलं आणि विसरलेलं, असं काहीही तिथे असू शकतं. रेकॉर्डिंगला वेगळा क्रमांक असतो, आयएसआरसी. तोही ‘हे ध्वनिमुद्रण म्हणजे हे’ एवढंच सांगतो. ‘हे येणार’ असं म्हणत नाही. म्हणजे नव्या नावांची नोंद दिसली की त्याचा अर्थ, कुणीतरी गाणी लिहिली. गाणी लिहिणं हा त्या माणसाचा धंदाच आहे.

दुसरी नोंद कंपनीची. यात रेडिओहेड या इंग्लिश बँडचे चाहते पटाईत. हा बँड एकेका अल्बमच्या व्यवहारासाठी वेगळी कंपनी काढतो, हे त्यांनी ब्रिटनच्या कंपनी नोंदींवरून हेरलं होतं. जानेवारी २०१६ मध्ये ‘डॉन कोरस एलएलपी’ ही नवी भागीदारी दिसली आणि चाहत्यांनी सांगून टाकलं: अल्बम येतोय. ८ मे २०१६ रोजी ‘अ मून शेप्ड पूल’ आला. शाबास, अगदी बरोबर. मात्र त्याच नोंदीवरून आणखी एक तर्क लढवला गेला होता, की ‘डॉन कोरस’ हे कधीपासून ऐकिवात असलेलं गाणं या अल्बमवर असणार. ते नव्हतं. ते २०१९ मध्ये बँडचा गायक थॉम यॉर्कच्या एकट्याच्या अल्बमवर आलं. आणि २०१६च्या अल्बमचा शेवट झाला ‘ट्रू लव्ह वेट्स’ने, जे १९९५ पासून मैफिलींत वाजत होतं आणि ज्याची आशा बहुतेकांनी सोडली होती.

मार्च २०२५ मध्ये पुन्हा तसंच. ‘आरएचईयूके२५ एलएलपी’ नावाची नवी संस्था नोंदवली गेली. जुना ठोकताळा हाताशी होता, त्यामुळे ‘अल्बम’ हा शब्द लगेच फिरला. सप्टेंबरमध्ये जाहीर झाला तो दौरा: माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन आणि बर्लिन, पाच शहरांत मिळून वीस मैफिली. अल्बम नाही. माणसं तीच, नोंदीचा प्रकार तोच, चाहत्यांची चिकाटीही तीच. २०१६ मध्ये खूण आणि अर्थ जुळले, २०२५ मध्ये जुळले नाहीत. कंपनीची नोंद सांगते की पैशांचा काहीतरी व्यवहार व्हायचाय. तो तिकिटांचा आहे, टी-शर्टचा आहे की गाण्यांचा, हे त्यात लिहिलेलं नसतं. ‘नोंद सापडली’ ही बातमी खुशाल पाठवा. ‘अल्बम सापडला’ हे तिच्यापुढे स्वतःच्या हाताने जोडलेलं शेपूट आहे.

“दुकानांनी तारीख लावली”

यात फार दम नाही. ऑनलाइन दुकानाच्या प्रणालीत तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नसेल तर कर्मचारी काहीतरी भरतो, आणि ते बऱ्याचदा ३१ डिसेंबर असतं. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. आकस्मिक आलेले सोडले तर बहुतेक मोठे अल्बम आजही शुक्रवार पाळतात. फुटलेली तारीख बुधवारची असेल तर कॅलेंडर उघडण्याचे दोन सेकंद वाचवू नका. दुकानांकडून खरोखर फुटतं ते घोषणा झाल्यावर. यूटूचा ‘नो लाइन ऑन द होरायझन’ २००९ मध्ये त्यांच्याच कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या डिजिटल दुकानाने चुकून आधी विकायला काढला होता. तो अल्बम येणार हे तोवर सगळ्यांना माहीत होतंच.

“क्लिप आम्ही कानांनी ऐकली”

क्लिप खरी असू शकते. २००८च्या जूनमध्ये गन्स एन’ रोझेसची नऊ गाणी फुटली, ती खरी होती. पण एप्रिल २०२३ मध्ये ब्रीझर नावाच्या एका इंग्लिश बँडने स्वतः लिहून वाजवलेल्या गाण्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिअम गॅलाघरचा आवाज चढवला आणि ‘एआयसिस’ या नावाने अख्खा अल्बम टाकला. त्यांनी काही लपवलं नव्हतं, सगळं सांगून केलं होतं. तो ऐकून लिअमनेही आपला आवाज झकास लागल्याची पावती दिली. खुद्द आवाजाचा मालक दाद देतो अशी नक्कल उपलब्ध असताना, कुठून आली ते ठाऊक नसलेली चाळीस सेकंदांची गढूळ क्लिप हा पुरावा उरलेला नाही. २००८ मध्ये होता, कदाचित.

“कंपनी मुद्दाम दाबून बसलीये”

चाहत्यांना हा खलनायक फार प्रिय. सूट घातलेला कुणी माणूस कपाटाला कुलूप लावून बसलाय आणि कलाकार बिचारा बाहेर उभा. असं कधीच घडत नाही असं नाही. डेव्हिड बोवीचा ‘टॉय’ २००१ मध्ये यायचा होता, कंपनीने तो अडवला, २०११ मध्ये तो इंटरनेटवर फुटला आणि अधिकृतपणे आला तोवर २०२१ उजाडलं होतं. बोवी तेव्हा हयात नव्हता.

पण जास्त वेळा कुलपाची किल्ली कलाकाराच्याच खिशात असते. प्रिन्सचा ‘ब्लॅक अल्बम’ डिसेंबर १९८७ मध्ये छापून तयार होता. प्रकाशन आठवड्यावर आलेलं असताना प्रिन्सनेच तो मागे घ्यायला लावला. सुमारे पाच लाख प्रती नष्ट करण्यात आल्या. अधिकृत आवृत्ती नोव्हेंबर १९९४ मध्ये निघाली. नील यंगचा ‘होमग्रोन’ १९७५चा. नातं तुटल्याच्या दुःखातून आलेली ती गाणी त्याला स्वतःलाच फार खाजगी वाटली, म्हणून त्याने त्या जागी ‘टुनाइट्स द नाइट’ दिला. ‘होमग्रोन’ बाहेर आला १९ जून २०२० रोजी. हे दोन्ही अल्बम ‘तयार’ होते. मजकुरातलं पहिलं वाक्य शब्दशः खरं होतं, आणि तरीही ‘फक्त तारीख बाकी’ हे धादांत चूक.

गन्स एन’ रोझेसच्या ‘चायनीज डेमोक्रसी’ या अल्बमची गोष्ट तर कंपनीची कीव यावी अशी. गेफन कंपनी वर्षानुवर्षं पैसे ओतत राहिली. २००४ मध्ये तिने हात आखडता घेतला आणि जुन्या गाण्यांचा संग्रह काढला. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खर्चाचा आकडा १.३ कोटी डॉलर दिला, म्हणजे न आलेल्या अल्बमवर. बँडचा गायक ॲक्सल रोझने मग ६ मार्च २००७ ही संभाव्य तारीख दिली, तीही टळली. मार्च २००८ मध्ये डॉ. पेपर या शीतपेयवाल्यांनी जाहीर केलं की अल्बम या वर्षात आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट, बँड सोडून गेलेले स्लॅश आणि बकेटहेड वगळून. अल्बम खरंच २३ नोव्हेंबर २००८ रोजी आला आणि कूपनं वाटणारी त्यांची वेबसाइट गर्दीने कोलमडली. अल्बम दाबून ठेवण्यात कंपनीचा काय फायदा होता, हे कुणीतरी मला हिशोबाने दाखवावं.

“अशा बातम्या शेवटी खऱ्याच ठरतात”

‘शेवटी’ म्हणजे केव्हा, हे न सांगितलेलं भाकीत खोटं ठरूच शकत नाही. ‘चायनीज डेमोक्रसी या वर्षी येतोय’ ही बातमी वर्षानुवर्षं चुकली आणि एकदा बरोबर आली. आठवणीत ती एकच राहते.

उलट बाजूही बघा. ८ जानेवारी २०१३ रोजी, आपल्या सहासष्टाव्या वाढदिवसाला, डेव्हिड बोवीने एक नवं गाणं अचानक प्रसिद्ध केलं आणि मार्चमध्ये अल्बम येत असल्याचं सांगितलं. आधीचा अल्बम २००३चा. मधल्या दहा वर्षांत कुजबुज होती ती तो आजारी असल्याची, निवृत्त झाल्याची. प्रत्यक्षात तो न्यूयॉर्कमध्ये निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीबरोबर दोन वर्षं रेकॉर्डिंग करत होता आणि वादकांनी गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या होत्या. रेडिओहेडने २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ची घोषणा केली ती दहा दिवस आधी. म्हणजे जे येणार नव्हतं त्याचा गाजावाजा आणि जे येत होतं त्याची बहुतेकांना खबरही नाही. असा नेम असलेल्या तिरंदाजाला कुणी स्पर्धेला पाठवेल का?

“कुणाचं काय बिघडलं?”

कॅनडातल्या क्लाटू या बँडला विचारायला हवं. १९७६च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर वादकांची नावं, फोटो काही नव्हतं. फेब्रुवारी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने प्रश्न टाकला: हे गुपचूप एकत्र आलेले बीटल्स तर नव्हेत? लोकांनी गाणी उलटी वाजवून खुणा शोधल्या. कॅपिटॉलने ना धड हो म्हटलं ना नाही, आणि विक्री वाढत गेली. ते बीटल्स नाहीत हे कळल्यावर लोकांचा राग निघाला तो क्लाटूवर, ज्यांनी आपण बीटल्स असल्याचं कधी म्हटलंच नव्हतं. नंतरचे अल्बम त्या सावलीतून बाहेर आलेच नाहीत. बाजारात तुरी असताना घरात मारामारी झाली, आणि मार खाल्ला तो तिसऱ्यानेच.

आता अफवावाल्यांचं हुकमी पान: ब्रूस स्प्रिंगस्टीन. १९८२चा ‘नेब्रास्का’ त्याने घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्याने केला. ती गाणी पूर्ण बँडबरोबरही रेकॉर्ड झाली होती अशी वदंता चार दशकं होती. २०२५ मध्ये खुद्द स्प्रिंगस्टीनने मुलाखतीत असं काही नसल्याचं सांगितलं, मग शोध घेतल्यावर ती टेप सापडली, आणि ऑक्टोबरमध्ये ती प्रसिद्ध झाली. कलाकार चुकला, चाहते बरोबर निघाले. मान्य, पूर्णपणे मान्य.

फक्त दोन गोष्टी नीट बघा. जे आलं ते वदंतेत होतं तसं नव्हतं. ‘नेब्रास्का’ची दहाही गाणी त्यात नाहीत, आणि ‘नेब्रास्का’वर नसलेल्या ‘बॉर्न इन द यूएसए’ या गाण्याची एक आवृत्ती मात्र आहे. दुसरं म्हणजे, ही वदंता इतकी वर्षं तगली ती ‘आतल्या गोटातून कळतं’ यावर नव्हे. त्या स्टुडिओत ड्रम वाजवणाऱ्या मॅक्स वाइनबर्गने २०१० मध्ये रोलिंग स्टोनला स्वतःच्या नावानिशी सांगितलं होतं की ते रेकॉर्डिंग झालंय आणि जबरदस्त आहे. नाव, हुद्दा, त्या खोलीत हजर असल्याची खात्री, सगळं जागेवर. आणि ते कधी प्रसिद्ध होईल, याबद्दल त्याने कुठलीही तारीख दिलेली नव्हती.